काडीभर

मकदूम मिस्त्रीच्या शेडला दार नव्हतं.
तेलगाव नाक्यावर टायरच्या ढिगामागं
चार पत्रे, एक कडुलिंब
आणि मिस्त्रीचा खडूनं पांढरा झालेला खिसा.

वैशाखात सुग्रीव तोंडेची पिकअप आली,
जुनी, पेट्रोलवरची, मागं ताडपत्रीखाली ओला भुसा.
"माजलगावहून बारा लाद्या भरतो, मिस्त्री,
धारूरला उतरतात नऊ.
तीन लाद्या घाटच पितो.
दुसऱ्या गिअरात रडत चढती ही,
आहेर घेऊन निघालेल्या म्हातारीवानी.
कायबी करा, ताकद द्या."

प्लग काढून मी पंखा हातानं फिरवू लागलो.
मिस्त्रीनं पॉइंटला वायर लावली, वायरीला बल्ब.
"पेटला की थांब."
पेटला. थांबलो.
पुलीवरची खूण
खाचेच्या जवळजवळ समोर.

"इथंच घोटाळा हाय," मिस्त्री म्हणाला.
"पिस्टन वर पोचला आन् मग ठिणगी पडली
तर उशीर झालाच समज.
आगीलाबी पसरायला वेळ लागतो, बाबा.
सनईवाला गाल कधी फुगवतो?
नवरी मांडवात आल्यावर?"

दहाचा पाना. नट ढिला.
डिस्ट्रिब्युटर त्यानं दोन्ही तळव्यांत धरला,
तापलेल्या लेकराचं डोकं धरावं तसा,
आणि फिरवला
जरासा.
"आजून," सुग्रीव म्हणाला.
आजून जरासा.
मग नट आवळून वरच्या-खालच्या अंगावर
खडूची एकच सरळ रेघ.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे.
मिस्त्रीचा डावा कान हातोड्यानं कधीचाच नेला होता,
उजवा वय न्यायला लागलं होतं.
इंजिन तो हातानं ऐकायचा,
बॉनेटवर पंजा टेकून, डोळे मिटून.
गिऱ्हाइकांना वाटायचं, उस्तादाची लकब आहे.

भरल्या गाडीनं घाट घेतला.
ते दोघं पुढं, मी मागं लाद्यांवर,
पाठीला थंडी, तोंडाला झळा.
पहिलं वळण तिसऱ्यातच.
दुसरंबी तिसऱ्यातच.
सुग्रीव खिडकीतून ओरडला, "वाघीण झाली रे!"
मिस्त्रीचा पंजा डॅशबोर्डवर, चेहरा तृप्त.

आणि तिसऱ्या वळणाच्या चढाला
मला ऐकू आलं.
पत्र्याच्या डब्यात चार हरभरे घालून
कुणी हळू हलवावेत, असं.
बारीक. कोरडं.
पिस्टनच्या टाळूवर कुणीतरी
सोनाराची हातोडी मारत होतं.
मिस्त्रीच्या पंज्याला ते कळत नव्हतं.

धारूरला लाद्या मोजल्या, अकरा.
सुग्रीवनं भजी मागवली, पेढे मागवले,
मिस्त्रीच्या खांद्यावर हात टाकला.
"पाणी बघतो," म्हणून मी उठलो,
बॉनेट उघडलं, नट सैल केला
आणि डिस्ट्रिब्युटर मागं घेतला,
आगकाडीच्या जाडीइतका.
पांढरी रेघ मधोमध तुटली.
पुसावी म्हटलं, पुसली नाही.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.

आठवड्यानं सुग्रीव परत आला.
"गाडी झकास हाय, पर धाच उतरू लागल्यात.
एक लादी गेली कुठं?"

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं.
वाकला. तुटक्या रेघेकडं पाहिलं, बराच वेळ.
वर माझ्याकडं पाहिलं नाही.
"एक इंजिनाला प्यायला लागती," म्हणाला,
"तेवढी सोड तिच्यासाठी."

गाडी जायच्या आधी त्यानं
थुंकी लावून अंगठ्यानं स्वतःची रेघ पुसली,
आणि काडीभर सरकलेल्या जागी
नवी ओढली. हात थरथरला, रेघ वाकडी आली.

बोलणं काही झालं नाही. डबा खाल्ला आम्ही,
पोळी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

पण त्यानंतर कुठलीही गाडी चालू केली
की मिस्त्री बॉनेटवर पंजा टेकायचा
नेहमीसारखा,
फक्त डोळे मिटायचा नाही.
माझ्या तोंडाकडं बघत राहायचा.