तेहेतिसावा चष्मा

अमळनेरच्या या कॉलेजात
प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली
सव्वीस वर्षं माझ्या करदोट्याला.
पगारपत्रकात मी ग. ना. भावसार, परिचर.
मुलांच्या तोंडी नुसता काका.

दिवाळीनंतर खोकं आलं. तेहेतीस गॉगल,
काचेसारखे स्वच्छ, नव्या प्लॅस्टिकच्या वासाचे.
कोणी घालेना.
हर्षल बडगुजर म्हणाला, बेडूक दिसतो मी.
कुंदन पावरानं कपाळावर चढवला तो तिथंच राहिला,
जणू डोळे त्याला तिथं आहेत.
सूर्यवंशी मॅडम नव्या, धुळ्याहून एसटीनं येणाऱ्या,
रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, रंगवू या. मग घालाल?

हसू आलं मला.
माझ्या बापाच्या रांजणांत बोरीकाठची निम्मी लुगडी बुडालेली.
कोपरापर्यंत निळा होता तो.
जेवताना भाकरीला बोटं उमटायची.

कॅन्टीनचं पातेलं आणलं,
बाजारातून पॉलिएस्टरचा रंग, पुड्या चार.
मॅडमनी फळ्यावर लांब लांब साखळ्या काढल्या:
उष्णतेनं या सैल होतात,
रंगाचा कण आत शिरतो,
गार झालं की दार बंद.
एवढंच बाप सांगायचा, साखळ्या न काढता:
पानी उकयू दे भो,
मंग रंग घर करस.

थर्मामीटर नव्वदवर.
चिमट्यांनी एकेक सोडला, एकेक काढला.
जांभळा. हळदी. कुंदनचा डाळिंबी.
अफसाना पिंजारीनं गुलाबी काढून पुन्हा पिवळ्यात बुडवला,
निघाला केशरी.
तो घालून खिडकीशी गेली आणि ओरडली,
काका, निंब वाळला!
मग सगळे खिडकीशी.
कुणाचं मैदान संध्याकाळी बुडालं, कुणाची एसटी काळी पडली,
प्राचार्य हिरवे होऊन गेटातून आत आले.

एक मी बाजूला ठेवला होता, फडक्यात गुंडाळून.
मॅडमनी विचारलं, हा का नाही?
म्हटलं, रंग संपला.
पुडीत रंग होता.

कॉस्टिकचा एकच थेंब उडालेला,
रांजणात काठी फिरवताना, पंचेचाळीस वर्षांपूर्वी.
बापाचा डावा डोळा
उकडलेल्या अंड्यासारखा झाला.
त्याला कुणी गॉगल दिला नव्हता,
बेडूक म्हणून हसायलासुद्धा.

पुढच्या मंगळवारी टायट्रेशन.
बत्तीस रंगीत डोळे ब्युरेटला भिडले,
कुणाला सांगावं लागलं नाही.
आणि कुणाचंच उत्तर जुळेना.
चंबूत फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी झालं तरी
गुलाबीतून गुलाबी दिसत नाही,
केशरीतून ते पाण्यासारखं, निळ्यातून राखेसारखं.
थेंब पडत राहिले,
चंबू लग्नातल्या सरबतासारखे भडक झाले.
मॅडम कपाळाला हात लावून हसल्या.
चूक माझी, म्हणाल्या. हे आधी सुचायला हवं होतं.

मी फडकं सोडलं.

तो एक चष्मा मग हातोहात फिरला.
ओतणारा आपल्या रंगात,
बघणारा बिनरंगात.
हर्षल ओरडायचा, आता माझी पाळी,
आणि घाई करू नकोस, गळ्याचा बेल्ट तुटेल, असं कुणी,
आणि कुणी नुसतंच थांब.

अफसानाची पाळी आली.
चंबू तिनं उजेडाकडे उचलला,
मान डावीकडे कलवली, एक डोळा मिटला.
किती बारीक गुलाबी, येईल का न येईल असा.
तसंच धरायचा तो ओल्या लुगड्याचा पदर
उन्हाकडे, उरलेल्या डोळ्यासमोर,
आणि म्हणायचा,
बस. आता काढ.

बस, म्हणाली अफसाना.
मी तोटी बंद केली.