छाट

सासवडला, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत
पंखा फिरत होता, वारा नव्हता.
हक्कसोडीच्या कागदावर माझी दोन्ही नावं,
माहेरचं, सासरचं,
मध्ये 'ऊर्फ'.
हणमंत म्हणाला, ताई, घाई नाही.
घाई नव्हतीच. आमचं टोकन बाविसावं होतं.

गट नंबर, हेक्टर, आर, पोटखराबा.
कागदाला एवढंच येतं.
त्याला बोडकं वावर माहीत नाही,
विहिरीवरची पट्टी माहीत नाही,
आणि 'ठकूचं' —
पणज्याची बहीण ठकू, नांदायची परत आली
आणि चाळीस वर्षं ज्या तुकड्यातले दगड वेचत राहिली, तो.
सातबाऱ्यावर ती कधी चढली नाही.
पण आजही गडी मोटार चालू करताना विचारतो,
'पाणी ठकूच्यात सोडू का?'

सही करायला पेन उचललं
तर बोटांच्या बेचक्यात चुणचुणलं.
अंजिराचा चीक. तीस वर्षं झाली तोडणी सोडून.
पहाटे चारच्या टेम्पोला माल द्यायचा,
मार्केट यार्डात उजाडायच्या आत पोचायला हवा,
मग आई परातीशेजारी बसवून
आम्हा दोघांच्या हातांना खोबरेल चोळायची.
हणमंताला आधी. तो जास्त रडायचा.

पेन ठेवलं.
तो काही बोलला नाही.
एकविसावं टोकन पुकारलं तेव्हा आम्ही जिन्यात होतो.

अंजीर बी टाकून कुणी लावत नाही.
जुन्या झाडाची वीतभर छाट, मातीत तिरकी.
म्हणजे रखमाजी पणज्यानं दिव्याहून
ओल्या पोत्यात गुंडाळून आणलेलं झाड
मेलेलंच नाही अजून,
नुसतं सरकत सरकत इथवर आलंय.

हणमंतानं कोयत्यानं एक छाट काढली.
'धायरीला ने. गॅलरीत कुंडीत येईल.'
गॅलरीत वॉशिंग मशीन आहे, मी म्हटलं,
आणि ठकूच्यात उतरले.

जमीन कडक होती. पहार त्यानंच मारली.
मी छाट टेकवली तसा म्हणाला,
'बांधापासून दोन हात आत घे,
उद्या मोजणी आली, तर...'

पुढचं वाक्य त्यानं सोडून दिलं,
वळला,
आणि पाटावर जाऊन बादली बुडवली.