फक्त आकडा लिहा

वसमतला मोंढ्यासमोर, झेरॉक्सच्या दुकानावर
नऊ बाय अकराची माझी खोली.
खालून टोनरचा वास येतो, समोरून हळदीचा;
की-बोर्डच्या फटीत ब्रश घातला
तर पिवळं निघतं.

चार गिऱ्हाइकं या महिन्यात:
दातांचे डॉक्टर कौसडीकर, मुजीबभाई बोअरवेलवाले,
त्रिशलाबाईंचे पापड,
आणि एक आडत, जिचा मालक नांदेडला राहतो
आणि जी मुनीम नागोराव चालवतात.
चौघांनाही वेबसाइट पाहिजे.
चौघांचं मिळून बजेट
जुन्या स्प्लेंडरच्या पुढच्या चाकाएवढं.

रात्री मी सिस्टिमा तपासत बसतो,
बाजारात बैल बघतात तशा:
दात, खूर, चाल,
आणि देणारा फुकट का देतोय ते.

एक साऱ्या जगाची लाडकी.
मागाल ते देते, पण पंधरा दिवसांनी
तिचं काहीतरी अपडेट करावंच लागतं.
तिच्याच भरवशावर पाच वर्षांपूर्वी
एका मंगल कार्यालयाची साइट केली.
नंतर कुणी बघितली नाही. मीही नाही.
ऐन लगीनसराईत मालकाचा फोन:
"अहो, तारखा दाबल्या की
परदेशी ताकदीच्या गोळ्या यायल्यात!"
अजून त्या गल्लीत मी गाडी जोरात काढतो.

दुसरी भाड्याची, डॉलरमध्ये.
त्रिशलाबाईंनी बोटांवर हिशेब केला:
"म्हणजे उडदाचे अडीचशे पापड,
दर महिन्याला,
कुणी न खाता?"

तिसरी नुसत्या फायलींची.
डेटाबेस नाही, फुटायला दार नाही.
लखलखीत. आवडते ती मला एकट्यालाच.
तिच्यात एक शब्द बदलायचा
तर मला बोलवावं लागतं,
आणि खोटं कशाला बोलू,
बोलावणं आलं की बरं वाटतं.

नागोरावांना विचारलं, "रोजचा भाव कसा बदलता?"
उठले. फळ्यापाशी गेले.
ओल्या फडक्यानं काल पुसला,
खडूनं आज लिहिला.
"झालं," म्हणाले, फडकं खिळ्याला अडकवत.
"तुमच्यात किती पायऱ्या?"
मी मनात मोजल्या. लॉगिन धरून सात.
सांगितल्या तीन.

त्या रात्री तिन्ही नावं खोडली
आणि एकच पान केलं.
दोन चौकोन: कांडी, गट्टू.
खाली बटण: "लिहा".
पासवर्ड त्यांनी दिला, नातवाची जन्मतिथी.
तारीख नाही, तिथी.
"तारीख काय, कुणालाही कळती."

वीस दिवस साडेअकराच्या ठोक्याला
भाव बदलत राहिला.
मी कौसडीकरांना सांगितलं,
डॉक्टर, जमलं मला, तुमचंही असंच करू.

एकविसाव्या दिवशी फोन.
"तुमचं मशीन ऐकंना झालंय."
"काय लिहायलात?"
"आज लिलाव बंद. सटवाजी हमाल गेला."

चौकोन लाल झाला होता.
त्याखाली माझंच वाक्य,
माझ्याच उद्गारचिन्हासकट:
फक्त आकडा लिहा!

खिडकीतून पाहिलं.
समोर फळ्यावर, भाव असतो तिथंच,
खडूनं ते कधीचं लिहिलेलं होतं,
सटवाजीतला "ट" जरा दाबून.
फळ्यानं काही विचारलं नव्हतं.

अट काढायला एक ओळ पुसावी लागली.
मग पुन्हा त्यांना म्हटलं, दाबा आता.

दुपारपर्यंत कुरुंदा, हट्टा, पार औंढ्यापर्यंत
ज्यानं ज्यानं मोबाइल उघडला
त्याला कांडीच्या जागी सटवाजी दिसला,
गट्टूच्या जागी
रिकामं.