घरची दाळ

मंगळवार-शुक्रवार, दुपारी तीन ते साडेचार.
इंदूर, खान नदीचा काठ, पत्र्याची खोली.
आधी लसणाची पोती सरकवायची,
मग सतरंजी.
गुडघा वाजतो म्हणून मला खुर्ची दिली आहे,
तिचा चौथा पाय विटेवर.

मुली येतात बोटं हुंगत.
किलोभर सोललं की चार रुपये.
नखांच्या कडा सोलवटलेल्या,
पेन्सिल धरली की चुरचुरतं.
शगुफ्ता म्हणते, मेडम, आज तोंडी घ्या.
मी तोंडी घेते.

पहिल्या दिवशी मी भाषण आणलं होतं,
शिक्षणाचं महत्त्व वगैरे, दोन पानं.
ती उलगडायच्या आत सोरमनं विचारलं,
“आपको इसके पैसे मिलते हैं?”
नाही म्हटल्यावर तिला माझी दया आली.
मूठभर लसूण दिला तिनं,
सोललेला.

हीच सोरम एकदा श्रुतलेखनात अडली.
द, काना, आणि थांबली.
“मेडम, घर की दाळ किताब में नी है.”

खरंच नव्हती.
तिची माळवी आजी जीभ मागे वळवून काढते तो आवाज
भिंतीवरच्या तक्त्यात कुठेच नाही.
शाळेत त्याच्यापायी हातावर पट्टी बसलेली.

टपाल खात्यात माझ्या टेबलावर
चौतीस वर्षं पाटी होती: श्रीमती पलसुले.
पहिला आठवडा सांगून पाहिलं.
मग फोनवर मीच म्हणू लागले, पलसुले बोलतेय.
माझ्या मुलाला तर आता दुसरं जमतही नाही.

खडू घेतला. फळ्यावर एवढा मोठा
ळ काढला.
शगुफ्ता म्हणाली, चश्मा!
सोरम जवळ येऊन बघत राहिली.
“लसन की दो कळी.”

मग काळो, थाळी, होळी, गळो,
खोलीभर नुसता गलका.
साडेचार कधीच वाजून गेले होते.

परीक्षेत गुण जातील, मी बजावलं,
तिथे दाल, इथे दाळ.
“मालूम है,” ती म्हणाली,
“पट्टी भी वहीं है.”

शुक्रवारी ती आली नाही.
लग्नसराई, पोती छतापर्यंत.
दारावर कोळशानं लिहिलेलं:
पळसुले मेडम, मंगळ को आऊंगी.

आज मंगळवार. पावणेतीन.
मी पोती सरकवते आहे.