अ.पा.क.

वडील गेले तेव्हा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर
आपली नावं एकाखाली एक चढली:
मंदाकिनी, वय बारा. दिवाकर, वय आठ.
दोघांपुढे कंसात 'अज्ञान', आणि मग अ.पा.क. आई.
वर्गात माझा पहिला नंबर होता,
तो शब्द मला झोंबला.
आई म्हणाली, अगं शिवी नाही ती,
सरकारात लहानाला तसंच म्हणतात.
अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता.
चारचौघांत भूक लागली
तर कुणाकडे बघायचं, त्याचं नाव.

सहा वर्षांनी माझा कंस गळून पडला.
आणखी चार वर्षांनी तुझाही.
कायद्याने वय मोजलं, दिवाकर,
शर्टाला उलटसुलट लागलेली बटणं नाही.
अठराव्या वाढदिवसाला आईने शिरा केला
आणि सोमवारी रविवार कारंजावरच्या बँकेतून
तिची सही परत आली.
'ते आता सज्ञान आहेत. त्यांनाच घेऊन या.'
तू गेलास. पेन उलटं धरलंस.
पुढची बावीस वर्षं आई
तुझ्या मुठीवर मूठ ठेवून तुझी सही काढत राहिली.
कुणी पाहिलं नाही, किंवा पाहून सोडून दिलं.
गुन्हा असेल तो.
अक्षर मात्र सुरेख होतं.

आई गेल्यावर मला कळलं
की मोठी बहीण हे नुसतं नातं आहे.
कागद लागतो.
सिव्हिलमध्ये तुझी बुद्धी मोजून त्यांनी एक आकडा दिला.
झेरॉक्सवाला म्हणाला, ताई, मागची बाजू पण?
मागे काहीच नव्हतं.
तरी काढली.

कलेक्टर कचेरीत समितीपुढे
तू नवा शर्ट घालून बसलास.
बाईंनी मऊ आवाजात विचारलं,
ताईपाशी राहायला आवडेल ना तुम्हाला?
तुझं लक्ष टेबलावरच्या तांब्याकडे.
उठलास, टिचकी मारलीस, कान लावलास,
म्हणालास, 'पिचलाय.'
सगळे समजूतदारपणे हसले.
मी नाही हसले.
तांबट आळीत वाढलेला कान तो.
आजोबा गिऱ्हाइकाला देण्याआधी
प्रत्येक हंडा तुझ्याकडून वाजवून घ्यायचे.
शिपायाने तांब्या उचलला
तर हिरव्या कापडावर ओलं वर्तुळ,
आणि आपल्या अर्जाचा कोपरा भिजलेला,
'अक्षम' या शब्दाच्या जरा अलीकडे.

आदेश आला. माझ्या नावापुढे 'पालक'.
सहा महिन्यांत तुझ्या मालमत्तेची यादी मागितली होती.
खोलीत निम्मा हिस्सा, एक मुदत ठेव.
रेडिओ लिहू का, विचारलं,
तर कारकून म्हणाला, चालू आहे का?
कुठल्या साली गोदेचं पाणी
दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढलं,
गुडघा, कंबर, छाती,
ते तुला सनावळीसकट पाठ आहे.
त्याला किंमत लावता आली नाही,
म्हणून यादीत नाही.

आता दरवर्षी हिशोब द्यायचा.
गोळ्या, डाळ-तांदूळ, केस कापणं,
चपलांचे तीन जोड, कारण तू एकच पाय हरवतोस.
खर्चाच्या पावत्या मी टाचणीने लावते,
हलगर्जीपणा माझ्याकडून होत नाही.
शेवटी एक रकाना असतो:
पालकाने घेतलेला मोबदला.
मी लिहिते, निरंक.

खरं तर असं आहे, दिवाकर,
ऑफिसात तुझं नाव सांगून मी लवकर सुटते
आणि महिन्यातून एकदा तरी
घरी न येता गंगापूर रोडला एकटीच कॉफी पिते.
चांगला पाऊण तास.
तेव्हा मी कुणाचीच कुणी नसते.
कुठल्या सदरात दाखवू ते?

खाली सही करते. माझी.
तू शेजारी बसून पेनाचं टोपण
टेबलावर आपटतोस,
कान लावतोस,
आणि माझ्याकडे बघतोस,
काही बोलत नाहीस.