पान एकशे बारा

सेन्सेई फक्त चेहरे काढायचे, आणि हात.
बाकी सगळं आम्हा मदतनिसांचं:
गवत, कौलं, पावसाच्या तिरप्या रेघा,
आणि जी मरतात ती माणसं.

एकवीस वर्षं मी मरणारी माणसं काढली
क्योटोत, उझुमासाच्या मागच्या गल्लीत,
डावीकडे रॉकेलचा स्टोव्ह,
उजव्या कोपराखाली टिपकागद.
मरणाऱ्यालाही चेहरा लागतो, आणि घाईत सुचत नाही,
म्हणून पान एकशे बारावर
मी तोकुजीचा काढला.
घरात तोच होता.

नवरा म्हणून सांगत नाही, पण पडावं तर त्यानं.
स्टुडिओत तीस वर्षं हेच त्याचं काम:
कधी पुलावर, कधी सराईच्या अंगणात
नायकाच्या तलवारीसमोर यायचं,
पाठीची कमान करायची, कोसळायचं.
रोजंदारीवर. डबा घरचा.

पानावर असं आहे:
पहिल्या चौकटीत तो तलवार उगारतो.
दुसरीत एक चतुर, बोरूच्या शेंड्यावर.
तिसरीत तो गुडघ्यांवर.
घाव कुठेच नाही.
घाव झाला तो चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत,
करंगळीएवढ्या जागेत,
जिथे मी टाक टेकवलाच नव्हता.
तिथे वाचणाऱ्यानं वार केला, ज्यानं त्यानं
आपापल्या मगदुराप्रमाणे,
कुणी झटकन, कुणी न्हाव्याकडे
नंबर येईस्तोवर रेंगाळत.

मग आमच्या गोष्टीवर सिनेमा निघाला.
चौदा खंड, दोन तासांत.
दिग्दर्शक कोवळा पोरगा, नम्र,
पुस्तकभर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या.
एकशे बारावर बोट ठेवून म्हणाला,
मला हुबेहूब असाच म्हातारा हवा.
कपडेपटवाल्या मात्सुए बाई म्हणाल्या,
हा तर खाली चहा पितोय.

कोरी पट्टी कॅमेऱ्याला परवडत नाही.
तिथे सगळं भरावं लागतं.
चिखल. धाप. विगाखालून ओघळणारा डिंक.
माणसाला खाली यायला लागतो तो अख्खा वेळ.
माझ्या पानात तो डावीकडे पडतो,
कारण आमची पानं तिकडे उलटतात.
इथे दिवा डावीकडे होता,
म्हणून त्याला उजवीकडे पाडला.
मी ओरडणारच होते.
चतुर नव्हता. नंतर संगणकात घालू, म्हणाले.
रक्त माझ्याकडे काळं, त्यांच्याकडे लाल,
मग पोराटोरांना बघता यावं म्हणून पुसलेलं.
वाराचा आवाज मी जाड कुंचल्यानं
पाऊण पानभर काढला होता;
त्यांनी कोबीचा गड्डा चिरून तो ध्वनिमुद्रित केला.
खोटं कशाला बोलू, कोबीचा सरस होता.

नऊ वेळा मेला तोकुजी त्या दिवशी.
सहाव्या खेपेला डावा गुडघा अडला
आणि त्यानं हात टेकला जमिनीवर,
तळवा पालथा, बोटं फाकलेली,
घरी चटईवरून उठताना टेकतो तस्साच.
मला वाटलं, आता उठून चहा मागेल.
पोरगा म्हणाला, कट. हा हात पुस्तकात नाही.
नव्हताच.
एकवीस वर्षांत माझ्या एकाही मरणाऱ्यानं
जमिनीचा आधार मागितला नव्हता.

त्यांनी नववं मरण ठेवलं. बिनचूक. पानासारखं.

थिएटरात पुढच्या रांगेतली मुलगी कुजबुजली,
पुस्तकातला भारी होता.
शेजारी तोकुजी तांदळाची बिस्किटं चावत होता.
खरंय, म्हणाला,
पुस्तकात मला काहीच दुखत नाही.

नव्या आवृत्तीची पानं दुरुस्तीला आली
तेव्हा सेन्सेई नव्हते. त्यांच्या टेबलावर
टोनच्या कागदाचे कपटे तसेच पडून होते.
मी एकशे बारा काढलं,
तिसऱ्या चौकटीत पांढरा रंग लावला, वाळू दिला,
आणि टाक बुडवून तिथे तो हात काढला.

रात्री तोकुजीनं चष्मा कपाळावर चढवून
पान डोळ्यांजवळ धरलं. बराच वेळ.
असं पडलं, म्हणाला,
तर पैसे कापतात.