दोन बोटं

स्वान्सीच्या ऑफिसात, समुद्राकडच्या खिडकीपाशी
आमचं भांडण तीन आठवडे चाललं.
बसच्या वेळापत्रकाचा कोड, चाळीस हजार ओळी,
आणि प्रश्न एवढाच :
ओळ आत सरकवायची ती टॅबने की स्पेसने?
दोन घरं, चार, की आठ?
हसू नका. याच्यावरून बेथन आणि रीस
एका टेबलावर जेवेनासे झाले.

मी चार स्पेसवाली.
टॅब म्हणजे लबाड पोकळी, मी म्हणायचे,
याच्या पडद्यावर वीतभर, त्याच्या पडद्यावर चिमूटभर.
स्पेस कशी, मोजून घ्यावी, ठेवली तिथेच सापडावी.
आम्हांला कऱ्हाडच्या शाळेत खोचरे बाईंनी
परिच्छेद सुरू करताना
दोन बोटं जागा सोडायला शिकवलं होतं.
    दोन म्हणजे दोन.
हेही मी मीटिंगमध्ये सांगितलं, इंग्रजीत.

सात विरुद्ध चार.
एका आज्ञेत सगळे टॅब गेले,
ओळी कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या.
त्या संध्याकाळी मला
स्वर्ग दोन बोटं उरला होता.

इदवल प्रॉसर मतदानाला नव्हता,
आईच्या गुडघ्यासाठी लानेलीला गेलेला.
सोमवारी आला, काठी कोपऱ्यात लावली,
ब्रेलच्या पट्टीवर बोटं ठेवली
आणि बराच वेळ बोललाच नाही.
मग म्हणाला, "आज तुमचा कोड फार लांबून सुरू होतो."

माझं बोट धरून त्यानं पट्टीवर टेकवलं.
चाळीस घरांची पट्टी, एवढीच त्याची खिडकी.
सपाट.
    सपाट.
        सपाट.
पाच पायऱ्या आत उतरलेली एक अट शोधत
मी वीस रिकामी घरं चालले,
अर्धी पट्टी संपली तेव्हा कुठे
तिरकी दोन टिंबं टोचली.
"हा आय," तो म्हणाला. "इफमधला."
"आणि टॅब असता तर?"
"पाच घरं. पायरीला एक."
सूर तक्रारीचा नव्हता.
चहा घेणार का, असंही विचारलं त्यानं.

बाहेर ओहोटी. पाणी इतकं मागे गेलेलं
की नुसता समास उरला होता, मजकूर कुठेच नाही.

खोचरे बाईंनी पट्टी कधी वापरलीच नव्हती, तेव्हा आठवलं.
शशी घाटगेची बोटं राजेळी केळ्यांसारखी,
माझी काड्यांसारखी.
तिचा परिच्छेद एकीकडून निघायचा, माझा दुसरीकडून,
आणि बाई दोघींच्या वहीवर
तीच लाल बरोबर करायच्या.
"बोटं तुझी ठेव गं, माझी कशाला?"

बेथनला सांगितलं, माझं मत फिरलंय.
ती म्हणाली, "आत्ता? चाळीस हजार ओळी?"
रीस जेवता जेवता थांबला,
पण काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

आता फाइलचा इतिहास उघडला
की कुणी हात लावला या रकान्यात
वरपासून खालपर्यंत माझंच नाव,
ओळीमागे दोनदा,
आणि मजकुरात, शपथेवर सांगते,
एक अक्षरही बदललेलं नाही.